लिहिलेल्या ओळीतच हिशोब सोडवा: टेक्स्ट एडिटरला बाहेरची स्क्रिप्ट कशी जोडायची

कोटेशनचा मसुदा, वजनकाट्याच्या पावत्यांची टिपणं, वाटणीच्या जमिनीचा कच्चा कागद, मंडळाचा जमाखर्च. आपल्याकडे असल्या गोष्टी बरेच जण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतात. लिहायला सोपं, शोधायला सोपं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायलाही सोपं. अडचण आकडेमोडीची. ती आली की हात फोनच्या कॅल्क्युलेटरकडे जातो, आलेलं उत्तर डोळ्यांनी वाचून परत फाइलमध्ये टाईप होतं, आणि तेवढ्यात ५५,२०० चे ५२,५०० होतात. सहा महिन्यांनी फाइल उघडली तर उत्तर दिसतं, पण ते कशावरून आलं हे दिसत नाही.

यावर चांगला उपाय आहे. ओळ निवडायची, दोन बटणं दाबायची, आणि त्याच ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे उत्तर यायचं. गणितही समोर राहतं, उत्तरही. हे करणारी छोटी स्क्रिप्ट एडिटरच्या बाहेर असते, त्यामुळे एडिटर बदलला तरी ती तशीच चालते.

बेळगावात मशीनशॉपच्या कोटेशनसाठी मी ही व्यवस्था रोज वापरतो. इंग्रजी मार्गदर्शनं वाचून ती उभी करता येते, पण तिथली स्क्रिप्ट आपल्या आकड्यांपाशी येऊन अडते. लाखाचे स्वल्पविराम, देवनागरी आणि कन्नड अंक, ५००/- अशी लिहिलेली रक्कम, एकर-गुंठे यांतलं काहीच तिला कळत नाही. म्हणून हा लेख. लूप आणि फंक्शन म्हणजे काय एवढं माहीत असलं तरी पुरे.

या लेखात सगळे आकडे देवनागरीत छापले आहेत. जिथे "पायथनला थेट दिलं तर" असं म्हटलंय, तिथे ते इंग्रजी अंकांत टाईप केले आहेत असं धरा. कोड ओळीने ओळ दिलेला नाही, स्क्रिप्टने काय करायचं ते मराठीत सांगितलंय. ते नीट कळलं की पायथनमध्ये उतरवायला एक संध्याकाळ लागते.

काय काय लागेल

- पायथन, ३.८ किंवा त्यापुढचं. बहुतेक लिनक्समध्ये आधीपासून असतं.
- निवडलेला मजकूर बाहेरच्या प्रोग्रामला देऊ शकणारा एडिटर. जीनी, व्हिम, ईमॅक्स यांपैकी कोणताही. विंडोजच्या साध्या नोटपॅडला हे जमत नाही.
- यूटीएफ-८ या पद्धतीत (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह केलेली फाइल.
- खऱ्या हिशोबाच्या १५-२० ओळी, ज्यांची उत्तरं तुम्ही हाताने तपासलेली आहेत. ही यादी आधी तयार करा. बाकी सगळं हिच्यावर तपासायचं आहे.

१. एडिटर आणि स्क्रिप्ट यांच्यातला व्यवहार

गिरणीत दळण टाकतो तसा हा व्यवहार आहे. डबा द्यायचा आणि त्याच डब्यातून पीठ घरी आणायचं. एडिटर निवडलेला मजकूर स्क्रिप्टच्या स्टँडर्ड इनपुटवर ओततो, स्क्रिप्ट जे काही स्टँडर्ड आउटपुटवर छापेल ते उचलतो आणि निवडलेल्या मजकुराच्या जागी ठेवतो. अशा प्रोग्रामला फिल्टर म्हणतात. युनिक्समध्ये १९७३ साली पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडायची सोय, आले, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, स्क्रिप्टने आउटपुटवर फक्त मजकूरच छापायचा. "झालं", "सुरू आहे" असले संदेश छापले तर तेही तुमच्या फाइलमध्ये येऊन बसतील. दोन, ज्या ओळीचं स्क्रिप्टला काही करायचं नाही, ती ओळ तिने जशीच्या तशी परत द्यायला हवी. गिळली तर ती फाइलमधून जाते.

शेवटच्या ओळीनंतरचं एंटरही जसं आलं तसंच परत द्या. ते गळलं की निवडलेला भाग आणि त्याखालची ओळ एकमेकांना चिकटतात, आणि चूक कुठे आहे हे शोधायला फार वेळ जातो.

२. आधी बीसीवर हात बसवा

स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्याआधी तयार फिल्टर वापरून बघा. लिनक्सवर बीसी नावाचं जुनं कॅल्क्युलेटर असतं, नसेल तर पॅकेज मॅनेजरमधून येतं. व्हिममध्ये इंग्रजी अंकांत १२*५ एवढीच ओळ लिहा, उद्गारचिन्ह दोनदा दाबा, बीसीचं नाव टाईप करा, एंटर. ओळीच्या जागी ६० येईल.

पद्धत कळली, पण बीसीच्या मर्यादाही लगेच दिसतात. मूळ गणित पुसलं गेलं. ७/२ दिलं तर ३ येतं, कारण आपण सांगेपर्यंत बीसी दशांश स्थळं शून्य धरतं. उणे चिन्हाला एल जोडून ते चालू केलं की दशांश मिळतात, पण ढिगाने. १,२५,००० मधला स्वल्पविराम त्याला चालत नाही, देवनागरी अंक तर नाहीच नाही. म्हणून पुढची खटपट.

३. ओळीचा नियम ठरवा

स्क्रिप्ट लिहिण्याआधी आपण ओळ कशी लिहिणार हे पक्कं करा. मी सुचवतो तो नियम असा: ओळीत बरोबरचं चिन्ह असेल तरच स्क्रिप्टने तिच्याकडे बघायचं. चिन्हाच्या डावीकडे शेवटच्या कोलनपर्यंतचा भाग म्हणजे नाव, त्यात आकडे असले तरी हात लावायचा नाही. कोलननंतरचा भाग म्हणजे गणित. चिन्हाच्या उजवीकडे आधीचं काही असेल तर ते पुसून नवं उत्तर लिहायचं.

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. त्यामुळे दर बदलला तर फक्त दर बदला आणि पुन्हा तेच बटण दाबा. कितीही वेळा चालवलं तरी ओळ बिघडत नाही.

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपने शिनोळीच्या गिऱ्हाइकाला द्यायचं कोटेशन असं दिसेल:

कास्टिंग ४८ नग, प्रत्येकी १२.५ किलो: ४८ × १२.५ × ₹९२ =
आयजीएसटी: वर × १८% × ₹१ =
बेरीज =

आणि चालवल्यावर:

कास्टिंग ४८ नग, प्रत्येकी १२.५ किलो: ४८ × १२.५ × ₹९२ = ₹५५,२००.००
आयजीएसटी: वर × १८% × ₹१ = ₹९,९३६.००
बेरीज = ₹६५,१३६.००

"वर" म्हणजे आधीच्या ओळीचं उत्तर. "बेरीज" म्हणजे आधीच्या रिकाम्या ओळीपासून इथपर्यंतच्या उत्तरांची बेरीज. दोन्ही शब्द स्क्रिप्टला शिकवायचे असतात, प्रत्येकी चार-पाच ओळींचं काम. दुसऱ्या ओळीतला ₹१ फक्त उत्तर रुपयांत आहे हे सांगण्यापुरता. "वर" रुपयांत असेल तर उत्तरही रुपयांत, असा नियम घातला की तोही लागत नाही.

आपल्या भागात ही सोय फार उपयोगी पडते, कारण हद्द ओलांडली की कराची रचना बदलते. माल बेळगावातच राहिला तर ९% सीजीएसटी आणि ९% एसजीएसटी, म्हणजे ४,९६८ च्या दोन ओळी. वेंगुर्ला रस्त्याने थोडं पुढे शिनोळीला गेला की तो चंदगड तालुका, महाराष्ट्र, म्हणजे एकच १८% आयजीएसटी. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २९ असले तर कर्नाटक, २७ असले तर महाराष्ट्र. दोन्ही नमुने फाइलमध्ये तयार ठेवा, आकडे बदलून चालवा.

४. आकडे स्वच्छ करा

बहुतेक स्क्रिप्टा इथेच पडतात, म्हणून हा भाग घाई न करता वाचा. गणित सोडवणाऱ्या कोडच्या हातात ओळ जाण्याआधी ती धुऊन घ्यायची आहे, आणि धुण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे.

अंक. मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना अंकांची बटणं दाबली की बऱ्याच मशीनवर देवनागरी अंक उमटतात. तलाठ्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कागदातून कॉपी केलं तर कन्नड अंक येतात. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी १२ सरळ ओळखतं, पण तेच अंक सूत्रात आले की पायथन अवैध अक्षर म्हणून ओळ नाकारतं. नवखे इथे चक्रावतात, कारण एकेका आकड्याची चाचणी पास झालेली असते. उपाय सोपा आहे. ओळीतलं प्रत्येक अक्षर बघा, युनिकोडडेटा मॉड्यूलच्या डेसिमल फंक्शनला विचारा, अंक असेल तर त्याची किंमत इंग्रजी अंकात लिहा. देवनागरी आणि कन्नड दोन्ही एकाच फटक्यात सुटतात, वेगळे तक्ते लिहावे लागत नाहीत. मूळ ओळीत देवनागरी अंक होते की नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे उत्तरही त्याच अंकांत देता येईल.

लाखाचे स्वल्पविराम. पायथनमध्ये स्वल्पविराम म्हणजे दोन वेगळ्या किमती. १,२५,००० + ५०० हे थेट दिलं तर पायथन तीन आकड्यांची जोडी परत करतं: १, २५, ५००. शेवटच्या तुकड्यातले ००० आणि ५०० तेवढे मिळवले गेले. पण कागदावर ते १,२५,५०० सारखंच दिसतं, आणि योगायोगाने तेच बरोबर उत्तर आहे! चाचणी पास झाली असं वाटतं. आता १,२५,००० + १,५०० देऊन बघा. १, २५, १, ५०० असे चार तुकडे येतात, खरं उत्तर १,२६,५००. म्हणून दोन अंकांच्या मधला प्रत्येक स्वल्पविराम आधी काढून टाका, आणि तुमच्या तपासणीच्या यादीत दोन्ही बाजूंना स्वल्पविराम असलेली बेरीज जरूर ठेवा.

/- चं शेपूट. आपण ५००/- लिहितो. ५००/- + २०० हे पायथनला थेट दिलं तर ते त्याला भागाकार समजतं, ५०० भागिले उणे २००, आणि -२.५ उत्तर देतं. चूक दाखवत नाही, निमूटपणे उत्तर देतं, म्हणून हे जास्त धोक्याचं. तिरकी रेघ आणि उणे लागोपाठ आले आणि पुढे मोकळी जागा, दुसरं चिन्ह किंवा ओळीचा शेवट असला, तर ते दोन्ही काढा.

टक्के. पायथनमध्ये % म्हणजे भागाकाराची बाकी. ५५२०० % १८ ची बाकी १२ येते, आणि १२ रुपये कर बघून कुणालाही चूक कळेल. पण आकडे लहान असले तर कळत नाही. आकड्याच्या मागे % दिसला की तो आकडा कंसात घालून १०० ने भागा. बाकी काढायची सोय हिशोबाच्या फाइलला लागत नाही, तेव्हा या चिन्हाचा दुसरा अर्थ ठेवूच नका.

चिन्हं. × चं *, ÷ चं /. वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली लांब रेघ दिसायला उण्यासारखी असते पण अक्षर वेगळं असतं, तिचं साधं उणे करा. ₹ काढून टाका, मात्र ओळीत तो होता एवढी नोंद ठेवा.

विसर्ग. आपल्याकडे कोलनच्या जागी विसर्ग टाईप करायची सवय पुष्कळांना आहे. "एकूणः" आणि "एकूण:" पडद्यावर सारखेच दिसतात, पण नाव कुठे संपतं हे स्क्रिप्ट कोलनवरून ठरवत असेल तर पहिली ओळ तिला कळणार नाही. विसर्गानंतर मोकळी जागा किंवा अंक असला तर त्याला कोलन धरा.

अदृश्य अक्षरं. जोडाक्षरांसाठीची शून्य रुंदीची अक्षरं, न तुटणारी मोकळी जागा, फाइलच्या सुरुवातीची खूण. सगळं बरोबर दिसतंय तरी ओळ सुटत नाही असं झालं की बहुधा हेच कारण असतं. गणिताच्या भागातून ती सरसकट काढा, नावाच्या भागातून मात्र नको, नाहीतर मराठी शब्द मोडतील.

आघाडीची शून्यं. ०८ किंवा ०५० असा आकडा पायथनच्या सूत्रात चालत नाही. आकड्याच्या पुढची फाजील शून्यं काढा, ०.५ मधलं तेवढं राहू द्या. तारखा नेहमी कोलनच्या डावीकडे लिहा. उजवीकडे गेल्या की त्यांचा भागाकार होतो.

आणखी एक गोष्ट, जी धुऊन जात नाही. जुन्या श्री-लिपी किंवा नुडीच्या फाइलींमध्ये फॉन्ट बदलून अक्षरं देवनागरी किंवा कन्नड दिसतात, आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. अशा फाइली आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. ओळखायची खूण अशी: मजकूर कॉपी करून फोनवर स्वतःलाच पाठवा. तिथे भलतीच अक्षरं दिसली तर फाइल युनिकोड नाही.

५. गणित सोडवायला इव्हॅल वापरू नका

धुतलेली ओळ पायथनच्या इव्हॅल फंक्शनला दिली की एका ओळीत काम होतं. बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो, आणि तो मानू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. इव्हॅल फक्त गणित करत नाही, मिळेल तो पायथन कोड चालवतं. फाइली आपल्याकडे गिऱ्हाइकाकडून, नातेवाइकाकडून, कुठल्याशा ग्रुपवरून येतात. त्यातल्या एका ओळीत फाइली पुसण्याचा हुकूम लपलेला असला आणि तुम्ही सगळी फाइल निवडून बटण दाबलं, तर तो हुकूम तुमच्याच नावाने चालेल.

योग्य रस्ता एएसटी मॉड्यूलचा आहे. त्याचं पार्स फंक्शन सूत्र चालवत नाही, त्याचं झाड करून देतं. त्या झाडावर आपण फिरायचं आणि चारच गोष्टींना परवानगी द्यायची: साधा आकडा, दोन बाजूंची क्रिया, त्या क्रियेत फक्त अधिक-उणे-गुणिले-भागिले, आणि आकड्यापुढचं एकटं उणे. यांपलीकडे काहीही भेटलं तर ओळ जशीच्या तशी परत. कंसांसाठी वेगळं काही लागत नाही, झाड बनतानाच ते हिशोबात धरले जातात. आकडा तपासताना तो खरंच आकडा आहे ना हेही बघा, कारण अवतरणातला मजकूरही याच प्रकारच्या गाठीत येतो.

घाताला परवानगी देऊ नका. ९ चा ९ वा घात, त्याचा पुन्हा घात, अशी एक ओळ मशीन अडकवून ठेवायला पुरेशी आहे. व्याजासाठी लागलाच तर घातांक १०० च्या आत असण्याची अट घाला. आणि हे लक्षात असू द्या की पायथनमध्ये टोपीसारखं चिन्ह म्हणजे घात नाही, बीसीत मात्र आहे.

चूक आली तर काय करायचं? स्क्रिप्टने थांबायचं नाही. ती एक ओळ तशीच सोडून पुढे जायचं. पन्नास ओळींतल्या एकीत कंस राहिला म्हणून बाकीच्या ४९ अडता कामा नयेत.

६. पैशासाठी डेसिमल

पायथनचे साधे दशांश आकडे द्विमान पद्धतीत साठवले जातात, म्हणून ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. बिलावर हे नको. डेसिमल मॉड्यूल वापरा. मात्र एएसटीकडून आलेला आकडा थेट डेसिमलला देऊ नका, आधी त्याचा मजकूर करा आणि मग द्या. थेट दिला तर ती द्विमान चूक डेसिमलमध्ये जशीच्या तशी उतरते.

आकडा राउंड करण्यातही खोच आहे. पायथनचं राउंड फंक्शन बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम आकड्याकडे नेतं: २.५ चे २, ३.५ चे ४. आपल्या व्यवहारात अर्धा नेहमी वर जातो. जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येही कराची रक्कम रुपयात आणताना ५० पैसे किंवा जास्त असले तर रुपया वाढवायचा असंच आहे. म्हणून डेसिमलच्या क्वांटाइझला "राउंड हाफ अप" हा प्रकार सांगून द्या.

किती स्थळं दाखवायची? सगळीकडे दोन हा नियम उसाच्या काट्यावर मोडतो. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी: २१.४८० − ७.०९५ = १४.३८५ टन. दोन स्थळं केली तर १४.३९ होतात आणि पाच किलो ऊस कागदावर वाढतो. म्हणून ओळीत ₹ असेल तर दोन स्थळं, नसेल तर जेवढी आहेत तेवढी, फार तर सहा. उत्तरात स्वल्पविराम आपल्या पद्धतीने घाला: उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. पायथनची तयार सोय दर तीन अंकांनी घालते, ती इथे उपयोगाची नाही.

७. एडिटरला जोडण्याआधी टर्मिनलमध्ये तपासा

तपासणीच्या ओळींची फाइल पाइपने स्क्रिप्टला द्या आणि उत्तरं हाताच्या उत्तरांशी ताडा. मग आलेलं आउटपुट पुन्हा स्क्रिप्टला द्या. दुसऱ्यांदा काहीही बदललं नाही तरच पुढे जा. हे टाळून सरळ एडिटरला जोडलं तर चूक स्क्रिप्टची की जोडणीची हे कळत नाही.

८. एडिटरला जोडा

जीनी. नवख्यांनी इथून सुरुवात करावी. एडिट मेनूत फॉरमॅट, त्यात निवडलेला मजकूर पाठवण्याचा उपमेनू, त्यात स्वतःचे कमांड ठरवण्याची सोय आहे. तिथे पायथनचं नाव आणि स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणात घाला. पहिल्या कमांडला कंट्रोल आणि १ हे बटण आपोआप मिळतं. एक जपा: जीनी निवडलं तेवढंच पाठवतं. अर्धी ओळ निवडली तर स्क्रिप्टला अर्धीच ओळ दिसेल. ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत निवडायची सवय लावा.

व्हिम. शिफ्ट आणि व्ही दाबून ओळी निवडा, उद्गारचिन्ह दाबा, स्क्रिप्टचं नाव, एंटर. पूर्ण फाइलसाठी कोलन, टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि नाव. व्हिम नेहमी पूर्ण ओळीच पाठवतं, त्यामुळे जीनीतला प्रश्न इथे येत नाही. दुसरा येतो: स्क्रिप्ट कोसळली तर तिचा चूक दाखवणारा संदेश तुमच्या मजकुराच्या जागी येऊन बसतो. घाबरू नका, यू दाबा, मजकूर परत येतो. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी दिली नसेल तर पहिल्यांदा हेच घडतं.

ईमॅक्स. भाग निवडा, कंट्रोल-यू, मग ऑल्ट आणि उभी रेघ, मग स्क्रिप्टचं नाव. कंट्रोल-यू विसरलात तर उत्तर वेगळ्या खिडकीत येतं आणि मूळ मजकूर तसाच राहतो. सुरुवातीला हे बरंच आहे.

९. एकर-गुंठे

हा भाग ज्यांची जमीन आहे त्यांच्यासाठी, आणि माझ्या मते सगळ्या खटपटीचं चीज इथे होतं. कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत असतं: ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. लिहिताना मध्ये टिंब देतात, आणि मग २.१५ आणि १.३० कॅल्क्युलेटरवर मिळवून ३.४५ लिहिले जातात. एकरात ४५ गुंठे नसतात. खरी बेरीज ४ एकर ५ गुंठे. खानापूर-निपाणीकडे घरात वाटणीचा कागद तयार होतो तेव्हा या चुकीवरून भाऊबंदांत शब्दाने शब्द वाढतो, आणि दोघांच्याही कॅल्क्युलेटरवर तेच उत्तर दिसत असतं.

म्हणून क्षेत्रासाठी टिंब वापरूच नका. ओळ अशी लिहा:

दोन्ही तुकडे: २ए१५गु + १ए३०गु =

स्क्रिप्टने धुण्याच्या आधी "ए" आणि "गु" शोधायचे आणि प्रत्येक क्षेत्राचे आणे करायचे: एकराला ६४०, गुंठ्याला १६. पुढचं गणित नेहमीसारखं. उत्तर लिहिताना उलट: ६४० ने भागून एकर, उरलेल्याचे १६ ने भागून गुंठे, उरले ते आणे. वरच्या ओळीचं उत्तर ४ए५गु. तीन भावांत वाटणी असेल तर कंस करून ३ ने भागा: १६५ गुंठ्यांचे प्रत्येकी ५५, म्हणजे १ए१५गु.

शिवाराचा एक भाग हद्दीपलीकडे असेल तर तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १.०११७ आर. गणिताच्या शेवटी, बरोबरच्या चिन्हाआधी, "हे" लिहिलं तर उत्तर हेक्टरमध्ये द्यायचं, असा नियम घाला. ४ए५गु चे १ हेक्टर ६६.९३ आर येतात. गुंठा म्हणजेच आर असं धरून चालणारे बरेच आहेत. एका गुंठ्याला फरक १२ चौरस फुटांच्या वरचा, पण १६५ गुंठ्यांत तो जवळपास दोन आर होतो. मोजणीच्या कागदाशी ताडताना तो लगेच दिसतो.

ही उत्तरं कच्च्या कागदासाठी. नोंदणीला मोजणीचं क्षेत्रच चालतं.

१०. विंडोज वापरणाऱ्यांनी एवढं जास्त करा

पायथन बसवताना पहिल्याच खिडकीत पाथमध्ये घालण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. ती राहिली तर पायथनचं नाव टाईप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडू शकतं.

दुसरं, पाइपमधून येणारा मजकूर विंडोजवर पायथन यूटीएफ-८ धरेलच असं नाही. तसं झालं तर मराठी नावांच्या जागी कचरा येतो आणि अंकही ओळखले जात नाहीत. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट दोन्ही रीकॉन्फिगर करून एन्कोडिंग यूटीएफ-८ ठरवा. एकच केलं तर अर्धाच प्रश्न सुटतो. मजकूर नीट आत जातो आणि बाहेर येताना बिघडतो.

काळ्या खिडकीत मराठी तुटकं दिसलं तर त्यावरून स्क्रिप्टला दोष देऊ नका, ती खिडकी जोडाक्षरं नीट काढत नाही. तपासणी फाइलमधून फाइलमध्ये करा आणि आलेली फाइल एडिटरमध्ये उघडून बघा.

स्क्रिप्ट एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, पत्त्यात मराठी अक्षरं आणि मोकळ्या जागा नकोत. तपासणीच्या ओळींची फाइल तिच्याशेजारीच ठेवा. उद्या स्क्रिप्टमध्ये "ब्रास" किंवा "क्विंटल" घालाल, तेव्हा आधी त्या ओळी सगळ्या पुन्हा चालवा आणि मगच कोटेशनच्या फाइलला हात लावा.